बायकांच्या बाजूचं दार

पेणचं जुनं थिएटर पाडायला घेतलं, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रडारडीचा जो पूर आला, तो मी रोह्याला माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता बघत होते. जेसीबीचा दात भिंतीत शिरतोय, धुरळा उडतोय आणि खाली कुणीतरी लिहिलंय, 'एक युग संपलं.' लिहिणारा ठाण्यात राहतो. गणपतीला दीड दिवस पेणला येतो आणि रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या देत परत जातो. त्याच्याखाली दुसऱ्याने हात जोडले, तिसऱ्याने रडका चेहरा टाकला, चौथीने आपल्या कॉलेजच्या दिवसांतला फोटो टाकला, ज्यात थिएटर कुठेच नव्हतं, ती मात्र होती. यातल्या एकानेही शेवटच्या कित्येक वर्षांत त्या थिएटरचं तिकीट काढलं नव्हतं. काढलं असतं तर जेसीबी आला नसता. पण ही साधी गोष्ट बोलली तर माणसांचं रडं आटतं, म्हणून कुणी बोलत नाही.

मग कुणालातरी माझी आठवण झाली. माझी आत्या त्या थिएटरात कामाला होती, हे सगळ्यांना माहीत. शाळेत असताना त्यावरून चिडवायचे, आता त्याचं भांडवल झालं होतं. 'तुझ्याकडे तर किती सुंदर आठवणी असतील! लिही ना काहीतरी.' मी पिठाच्या बोटाने लिहिलं, 'ढेकूण होते.'



हे थिएटर उघडलं कसं, याची पेणात एक गोष्ट सांगतात. म्हणे, ते काढणाऱ्या शेटना कलेची फार आवड. मी ही गोष्ट भाषणांत ऐकली आहे, वर्धापनदिनाच्या पुरवणीत वाचली आहे. शेटना आवड मिठाची होती. खाडीकडे त्यांची मिठागरं होती आणि माझे आजोबा त्यांतच राबायचे. उन्हाळ्यात शेटचं मीठ, पावसाळ्यात शेटचं भात. खरी गोष्ट आत्या सांगायची ती अशी. शेटची सासुरवाडी रोह्याची. तिकडे त्यांच्या मेहुण्याने टॉकीज काढली. शेट सासुरवाडीला गेले की मेहुणा त्यांना बाल्कनीत मधोमध बसवायचा, मध्यंतरात सोडा मागवायचा आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं विचारायचा, "काय भावोजी, पेणात आहे का असलं काही?" हा सोडा शेटना पचला नाही. थोड्याच दिवसांत पेणात टॉकीज उभी राहिली.

रोह्याच्यापेक्षा पडदा मोठा पाहिजे, एवढी एकच अट त्यांनी बांधणाऱ्याला घातली होती. पडदा झाला मोठा. पण जागा तेवढीच, त्यामुळे पुढच्या रांगांतल्या माणसाला मान मागे टाकून नायकाच्या नाकपुड्या बघाव्या लागायच्या. पुरुषांसाठी मागच्या भिंतीच्या आडोशाला मुतारी बांधली. बायकांसाठी बांधायची राहिली. राहिली ती राहिलीच.

उद्घाटनाला नारळ फुटला, सनई वाजली, कुणी मोठे पाहुणे मुंबईहून आले. मग लक्षात आलं की बायका येत नाहीत. बायकांच्या बाजूच्या दारावर बाईच पाहिजे, नाहीतर चांगल्या घरातल्या बायका पाऊल टाकणार नाहीत, असं शेटना कुणीतरी सुचवलं. पण चांगल्या घरातली बाई दारावर उभी राहायला तयार होईना. मग मिठागरातली चालली.

आत्याला नवऱ्याने टाकली होती. तो उरणकडे दुसरी घेऊन राहिला आणि ही माहेरी परत आली. खांद्याने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. लहानपणापासून मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिलेल्या, त्यामुळे मान ताठ आणि तळव्यांना भेगा. आजोबांना शेटनी बोलावून सांगितलं, "तुझ्या पोरीला दारावर पाठव." विचारलं नाही, सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आत्या हातात बॅटरी घेऊन बायकांच्या दाराला उभी राहिली, ती उभीच राहिली. पुढे आजोबा गेले, माझे वडील आगर सोडून पेणात राहायला आले, माझा जन्म झाला, तरी ती तिथेच उभी.

लोकांना वाटतं, थिएटरात काम म्हणजे फुकटात पिक्चर. आत्याला पिक्चरचा तिटकारा होता. पडद्याकडे पाठ करून ती स्टुलावर बसायची. मी विचारलं, तू बघत का नाहीस, तर म्हणाली, "काय बघाचं हाय त्यात? भरल्या पोटी रडतात ती. उपाशी असती तर कामाला गेली असती."

मला ती मध्यंतरानंतर आत सोडायची. मध्यंतराच्या आधी शेटचा माणूस फेरी मारायचा, माणसं मोजायचा, नंतर तो भजी खायला जायचा. त्यामुळे माझ्या बालपणी मी पेणला आलेल्या बहुतेक सगळ्या पिक्चरचा फक्त दुसरा भाग पाहिला. मी आत शिरायचे तेव्हा नायिकेच्या डोळ्यांत आधीच पाणी असायचं. आई मेलेली असायची, भाऊ हरवलेला असायचा, कुणाला तरी तुरुंग झालेला असायचा. कशामुळे, ते मला कधी कळलं नाही. वर्गात मैत्रिणी पहिल्या भागातली गाणी म्हणायच्या आणि मी गप्प बसायचे. घरी आईला विचारलं तर ती म्हणायची, "तुझ्या आत्यालाच विचार." आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "काय झालेलं नाय. बसल्या जागी सुख टोचलेला हाय त्यांना."

थिएटरातल्या सोन्याच्या दिवसांबद्दल आता जे बोलतात, त्या बहुतेक पुरुषमाणसांना एक गोष्ट कधी दिसलीच नाही. रविवारी दुपारच्या खेळाला खाडीकाठच्या गावांतून बायका यायच्या. भाकऱ्या भाजून, पोरांना जेवू घालून, एसटी पकडून. डोक्यात अबोलीचा गजरा, कडेवर पोर. आणि त्यांतली एकही सकाळपासून पाणी प्यायलेली नसायची. कारण बायकांना जायला जागा नव्हती. फारच अडलं तर थिएटरच्या मागे भाताच्या गिरणीची भिंत होती, तिच्याआड. आत्या त्यांना दोघी-दोघी करून न्यायची, स्वतः पाठ करून मध्ये उभी राहायची आणि गिरणीतल्या हमालांनी नुसती मान वळवली तरी त्यांच्या सात पिढ्या बाहेर काढायची. पावसाळ्यात तिथे घोटाभर चिखल व्हायचा. पोटुशी बाई आली की आत्या तिला दारातूनच परत पाठवायची, "जा गो, बाळंत होऊन ये." बाईला राग यायचा. आत्याला फिकीर नसायची.

शेटकडे ती दर वर्षी जायची. दिवाळीत सगळे नोकर पाया पडायला जात, ही बायकांसाठी मोरी मागायला जायची. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. शेट झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "तीन तास बायकांना दम निघत नाही का? आमच्या घरातल्या बायका नाही कधी बोलल्या."

आत्या म्हणाली, "तुमच्या घरातल्या बायका मध्यंतरात गाडीन बसून घरी जातात, शेट. नि परत येतात. मी दार उघडते ना त्यांना."

शेटनी माझ्या हातावर चिवड्याचा पुडा ठेवला आणि झोपाळा सुरू केला. म्हणजे आता जा.

एक प्रसंग मात्र मी स्वतः पाहिला आणि तो कुठल्याही पुरवणीत येणार नाही. मी तेव्हा नववी-दहावीत असेन. रविवारचा खेळ, मध्यंतर झालेलं, मी आत्याच्या पायाशी बसून बघत होते. बाहेरून दारावर थापा पडल्या. आत्याने फट उघडली. एक माणूस, पांढरा सदरा, तोंडाला दारूचा वास. त्याची बायको न विचारता पिक्चरला आली होती, शेजारणींबरोबर. तो तिला न्यायला आला होता. आवाज ऐकूनच आतली एक बाई खुर्चीत एवढीशी झाली. निळं लुगडं होतं तिचं. सगळ्या बायकांनी पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे वळवली. पडद्यावर कुणीतरी न्यायाधीशासमोर मोठमोठ्याने बोलत होतं, त्याच्याकडे बघायला कुणी उरलं नाही.

"बायको हाय माझी. सोड," तो म्हणाला.

"व्हय, असंल," आत्या म्हणाली. "संपल्यावर मिळंल."

"मी तिकीट काढतो. मग तर सोडशील?"

"बायकांची बाजू हाय ही. लुगडा नेसून ये, सोडते."

आतल्या बायका हसल्या. त्या हसण्याने तो बिथरला. त्याने दाराला खांदा लावला. आत्याने आतून खांदा लावला. मिठाच्या पाट्या वाहिलेला खांदा होता तो. दार हललं नाही. मीही उठून तिच्या पाठीला हात लावून ढकलत होते, उपयोग शून्य, पण ढकलत होते. शेवटी तो शिव्या देत समोरच्या दाराकडे गेला आणि शेटच्या माणसाला घेऊन आला. शेटचा माणूस बाहेरून ओरडला, "अगं, उघड ना दार! नेऊ दे त्याला त्याची बायको. गिऱ्हाईकाशी भांडतेस काय?"

आत्याने स्टूल दाराला टेकवलं आणि त्यावर बसली. पिक्चर संपेपर्यंत बसली. निळ्या लुगड्याच्या बाईने शेवट पाहिला की नाही कुणास ठाऊक, पण तिला शेवटपर्यंत बसायला मिळालं. खेळ सुटल्यावर ती शेजारणींच्या घोळक्यात बाहेर पडली. तो समोर पानाच्या टपरीवर उभाच होता. दोघं एकामागे एक एसटी स्टँडकडे गेली.

मी आत्याला विचारलं, "आता तो मारेल तिला?"

"मारंल," आत्या म्हणाली. "पिक्चर सुटला की घर हायच. पन त्याच्या मनात होता तवा नाय नेता आला."

दुसऱ्या दिवशी शेटनी तिला बोलावून झापलं. गिऱ्हाईक दुखावलं म्हणून. त्या दिवसाचं आठवून कोणी ग्रुपवर रडका चेहरा टाकला तर मी समजू शकते. पण तो त्यांना ठाऊकच नाही. ते रडतात मध्यंतरातल्या समोशासाठी.

माझं लग्न रोह्याला झालं. नवरा खांब गावचा, पण धाटावच्या एका केमिकल कंपनीत कामाला, म्हणून रोह्यात भाड्याची खोली. लग्नानंतर पहिल्या रविवारी त्याची दिवसपाळी नव्हती, तर म्हणाला, पिक्चरला जाऊ. ही शेटच्या मेहुण्याची टॉकीज. मी आयुष्यात पहिल्यांदा मध्यंतराच्या आधी थिएटरात शिरत होते. नवी साडी, हातात हिरवा चुडा, आणि मनात एकच, की आता एकदाचं कळेल, ही माणसं रडतात कशाला.

पहिला भाग बघून मला धक्का बसला. रडण्यासारखं काही झालंच नव्हतं. दोन माणसांनी एकमेकांना एक साधा प्रश्न विचारला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. आत्याचं बरोबर होतं, ती एवढ्या वर्षांत पडद्याकडे न बघताच बरोबर होती.

मध्यंतर झालं. दिवे लागले ते विझेनात. झालं होतं असं की शेट आणि मेहुणा यांनी खर्च वाचवायला एकच पिक्चर दोघांत आणला होता. पेणचा खेळ आधी सुरू व्हायचा, तिथला अर्धा भाग संपला की त्याच्या रिळांचे डबे एसटीने रोह्याला यायचे. पहिल्या भागाचे डबे आले. दुसऱ्या भागाची एसटी वडखळच्या गर्दीत अडकली. वडखळला तेव्हाही गाड्या अडकायच्या, तेव्हाही आमदार पूल होणार म्हणायचे. लोक शिट्ट्या मारायला लागले. खुर्च्या आपटायला लागले. मेहुणा स्वतः पडद्यासमोर आला, हात जोडले आणि म्हणाला, "डबे नागोठण्याला पोचलेत. तोपर्यंत आपल्या आग्रहाखातर पहिला भाग पुन्हा दाखवत आहोत."

कुणीही आग्रह केला नव्हता. आणि खरी चीड मला कशाची आली, तर लोक बसले. पुन्हा तोच भाग, तीच गाणी, तेच गैरसमज, आणि लोक पुन्हा त्याच जागी हसले. माझा नवराही हसला. डबे आलेच नाहीत. घरी जाताना तो म्हणाला, "शेवट काय असेल गं?" मी म्हटलं, "शेवट मला माहीत आहे. सगळ्यांचा तोच असतो." आणि चालत चालत सांगितला. पुढे कुणाकडून तरी कळलं, अगदी तसाच होता.

पेणचं थिएटर पहिल्यांदा बंद झालं ते केबल आल्यावर. घरोघरी बायका दुपारी टीव्हीसमोर बसायला लागल्या. निदान घरात मोरी तरी होती. शेटनी नोकरांना बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आत्याला इतक्या वर्षांची आठवण म्हणून काय दिलं, तर बायकांच्या दाराला आत जो लाल मखमली पडदा लावलेला असायचा, तो. घामाचा, तेलाचा, पानाच्या डागांचा. शेट म्हणाले, "तुझाच तो." आत्याने घरी आणला, दोन दिवस उन्हात टाकला आणि पावसाळ्यात लाकडं झाकायला घेतला. दोन पावसाळ्यांत कुजला. ती मग पापडाच्या कारखान्यात जाऊ लागली. तिथे बायकाच बायका, बसून काम, आणि मागे व्यवस्थित मोरी. "आधीच येयाला पायजे होता," एवढंच म्हणाली.

मग शेट वारले आणि त्यांच्या मुलाला साक्षात्कार झाला. हा पुण्याला शिकलेला. त्याने थिएटर परत उघडलं. एसी बसवला, नवे स्पीकर आणले, पुन्हा नारळ, पुन्हा पाहुणे. बायकांची वेगळी बाजू काढून टाकली. उद्घाटनाला म्हणाला, "आता जमाना समानतेचा आहे." समानता म्हणजे बायकांचं दार विटा लावून बुजवलं आणि पुरुषांची मुतारी होती तशीच ठेवली. एसी पहिल्या उन्हाळ्यात बंद पडला. मग सकाळच्या खेळाला असले पिक्चर लागू लागले की त्यांची पोस्टरं पाहून शाळेच्या बाईंनी पोरींचा रस्ता बदलला. बायका यायच्या थांबल्या, त्यांच्या मागोमाग घरंदाज पुरुषही थांबले. उरले ते झोपायला येणारे. मुलगा सगळीकडे सांगत फिरायचा, "पेणच्या लोकांना कल्चरच नाही." लोकांना कल्चर नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना नाक होतं.

ते दुसऱ्यांदा बंद झालं आणि गणपतीच्या कारखान्याला भाड्याने गेलं. हे एक काम त्या इमारतीला शोभलं. माझा भाऊ डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे, त्याच्याकडे मी माहेरपणाला गेले की एकदा तरी तिथे डोकवायचे. खुर्च्या काढलेल्या. त्या उतारावर, पायरीपायरीने, पांढरे न रंगवलेले गणपती बसलेले, सगळ्यांची तोंडं फाटक्या पडद्याकडे. डोळे अजून आखायचे होते. इतके सभ्य प्रेक्षक त्या थिएटरने कधी पाहिले नसतील.

रोह्याची टॉकीज त्याच सुमारास गेली. तिची तऱ्हा वेगळी. एका पावसाळ्यात कुंडलिकेला पाणी चढलं. आमच्या गल्लीत गुडघ्याएवढं आलं, मी शिवणाची मशीन पलंगावर चढवून रात्र काढली. टॉकीजच्या फक्त पायऱ्या भिजल्या. पण मेहुण्याच्या नातवाने दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, पुराने टॉकीजचं न भरून येणारं नुकसान झालं. न भरून येणारं नुकसान वर्षभरात सात मजले भरून आलं. आता तिथे फ्लॅट आहेत आणि खाली संगमरवरी पाटीवर टॉकीजचंच नाव आहे. त्यात राहणारे दारूच्या पार्टीला गच्चीवर जुनी गाणी लावतात आणि म्हणतात, या जागेला इतिहास आहे.

तर पेणचं पाडलं. गणपतीवाल्यांना दुसरी जागा दिली. जागेवर मोठी इमारत आली, खाली दुकानं, वर बँक, त्याच्यावर छोटं थिएटर, आरामखुर्च्यांचं. उद्घाटनाची समिती झाली. ग्रुपवरचे सगळे रडके चेहरे त्या समितीत. त्यांतल्या एकाचा मला फोन आला. "जुन्या कर्मचाऱ्यांचा सत्कार ठेवलाय. तुझ्या आत्या आहेत ना अजून?"

"आहेत," मी म्हटलं. "ऐकू येतं, दिसतंही."

"छान! त्यांना दोन शब्द बोलायला सांग. जरा भावुक असले तर बरं."

आत्या आता माझ्याच घरी असते. ती ऐंशीच्या पुढे गेली आहे, भावाच्या घरी दोन जिने चढवेनात म्हणून मी आणली. मी म्हटलं, जायचं का? ती म्हणाली, "जेवाण हाय का?" जेवण होतं. आम्ही गेलो.

साहेब येणार म्हणून आम्हाला दुपारपासून बसवून ठेवलं. साहेब नेहमीच्या साहेबांसारखे आले, म्हणजे सगळ्यांच्या नंतर. भाषणं सुरू झाली. शेटचा मुलगा, आता पिकलेला, माइक धरून म्हणाला की हे थिएटर म्हणजे वडिलांनी पेणच्या माताभगिनींसाठी उघडलेलं मुक्तीचं दार होतं. टाळ्या पडल्या. आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "मना जायाचा हाय."

वयाला आता दम निघत नाही. मी तिला घेऊन उठले. नवी इमारत, नवी फरशी, दारावर बाईचं चित्र. कौतुकाने मी कडी दाबली. कुलूप. समितीतला एक जण जॅकेट घालून उभा होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "आजी, थोडं थांबा. साहेबांनी फीत कापल्यावर सगळं उघडायचंय. आत्ता वापरलं तर घाण होईल."

"चावी?" मी विचारलं.

"मॅनेजरकडे. ते स्टेजवर आहेत."

मी परत फिरले ती त्याच्या अंगावर धावून जायच्या तयारीने, पण तेवढ्यात माइकवरून आत्याचं नाव पुकारलं. ती माझा हात सोडून स्टेजकडे निघाली. शाल घातली, नारळ दिला, तोंडासमोर माइक धरला. सगळे मोबाइल वर झाले. आत्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि विचारलं,

"मोरीची चावी कोनाकडं हाय?"

लोक हसले. मनापासून हसले, टाळ्याही वाजल्या. त्यांना वाटलं, गंमत करतेय म्हातारी. निवेदिका म्हणाली, "किती गोड!" आत्या थांबली. हसणं ओसरू दिलं. मग त्याच आवाजात, ज्या आवाजाने गिरणीतले हमाल माना खाली घालायचे, त्या आवाजात म्हणाली, "मी गंमत नाय करत. तेव्हा जागा नव्हती. आता जागा हाय तर कुलूप हाय. चावी दे."

मॅनेजर खिसे चाचपत उठला. साहेब घड्याळात बघायला लागले. शेटचा मुलगा हार नीट करत राहिला. मी स्टेजखाली उभी होते, मला हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. मला फक्त एवढंच वाटत होतं की त्या हॉलमधल्या एकाही माणसाची तिला शाल घालायची लायकी नाही. चावी मिळाली. आत्या शाल-नारळासकट गेली. फीत कापायच्या आधीच ते दालन वापरलं गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली ओळ: 'जुन्या आठवणींनी वृद्धा गहिवरल्या.'

जेवणाआधी सगळ्यांना पिक्चर दाखवला. आत्या त्या आरामखुर्चीत मागे रेलली आणि जन्मात पहिल्यांदा पडद्याकडे तोंड करून बसली. मी मधूनमधून तिच्याकडे बघत होते. ती डोळे उघडे ठेवून होती. मध्यंतराला विचारलं, "कसा वाटला?" म्हणाली, "पंखा जोरात हाय." आम्ही जेवलो. बासुंदी तिला आवडली, दोन वाट्या घेतल्या. परतीच्या गाडीत ती गाढ झोपली आणि शाल मी तिच्या पायांवर घातली.

ते थिएटर दीड वर्षही चाललं नाही. माणसं पुरेशी नसली की खेळच रद्द करायचे. मी आणि माझ्या शिवणाच्या क्लासमधल्या एक बाई एकदा मुद्दाम रोह्याहून गेलो होतो, तर तिकीट विकणारा पोरगा म्हणाला, "आणखी कोणी आलं तर लावतो, नाहीतर नाही." आम्ही खाली बसून शहाळं प्यायलो आणि परत आलो. समितीतले लोक घरी मोबाइलवर पिक्चर बघत होते. ग्रुपवर पुन्हा युग संपलं. हे दुसरं की तिसरं, मी मोजायचं सोडलं आहे.

गेल्या महिन्यात समितीवाल्यांचा पुन्हा फोन आला. मी आणि आत्या पडवीत भिजवलेले वाल सोलत होतो. तोच माणूस. म्हणाला, बंद झाल्याबद्दल एक श्रद्धांजलीची चित्रफीत करतोय, त्यात आजींचा सत्कारातला फोटो वापरू का? मी काही बोलायच्या आधी आत्याने हात पुढे केला. मी फोन तिच्या कानाला लावला.

"आता तिथं काय काढताव?" तिने विचारलं.

पलीकडून तो म्हणाला, लग्नाचा हॉल.

"मंग जेवायला बोलवा," आत्या म्हणाली आणि फोन माझ्याकडे देऊन पुढच्या वालाचं साल काढायला लागली.